खातं आप्पांच्या नावावर

दळण टाकायला गेले होते, एवढंच. दादर ज्वारीचा डबा गिरणीत रांगेला लावला, मागे सरकले, तेवढ्यात शोभाबाईंनी माझा दंड धरला. शोभाबाई आमच्याच कॉलनीतल्या, शेवटच्या घरातल्या. गिरणीचा पट्टा कितीही खडखडो, त्यांचं बोलणं ऐकू येतंच. काच पिठानं पांढरी झालेली, ती पदरानं पुसून त्यांनी मोबाईल माझ्या नाकापुढे धरला आणि म्हणाल्या, "तुन्हा सासरानी काय लिखेल शे व माय. वाचीसन मन्हा डोयामा पानी उनं." मी बघितलं. वर गोल फोटो, फोटोत पांढरी टोपी, टोपीखाली आप्पा. शेजारी नाव, नथ्थू पाटील. आणि त्याच्याखाली माझं वाक्य. 'तापीबाई समोरच्या माणसाचं तोंड आधी बघायची नाही, त्याच्या कपड्यावरचा कापूस आधी बघायची.' हे वाक्य मी किती दुपारी खोडलं, पुन्हा लिहिलं, 'बघायची'च्या जागी 'पाहायची' करून पाहिलं, आणि ते माझ्याकडे अनोळखी माणसासारखं बघत होतं. मी लिहिलंय ते, मी, असं घशापर्यंत आलं. बाहेर काय पडलं तर, हो, आप्पा आहेतच तसे. कपाळ माझं. असं कसं बोलले मी? कोणी विचारलं असतं की तुझी साडी आप्पांची का, तर मी हो म्हटलं असतं का? गरम पिठाचा वास नाकात बसला होता, कानात पट्टा फिरत होता, आणि शोभाबाई सांगत होत्या की त्यांनी ते माहेरच्या गटावर पाठवलं, तिथून ते धडगावला कोणा मास्तरांपर्यंत गेलं. मी दळण तिथेच टाकून निघाले. संध्याकाळी यांना आणायला लावेन म्हटलं.

घर गिरणीपासून लांब नाही, पण मी बस स्टँडकडून वळसा घालून गेले, कारण डोकं इतकं तापलं होतं की घरी गेले असते तर पहिलं भांडं आपटलं असतं. चूक माझीच, असं मला सगळे सांगणार हे ठाऊक होतं. पण चूक तरी काय? आमच्या घरात पहिला मोठा मोबाईल आला तेव्हा आम्ही गावातच राहायचो, तापीकाठी. दुकानदारानं विचारलं, खातं कोणाच्या नावानं काढू, तर आमचे हे, म्हणजे धीरज, साखर कारखान्यात नोकरीला, चार माणसांत ऊठबस असलेला माणूस, म्हणाले, आप्पांच्या नावानं काढ, घर त्यांचंच शे. शेत आप्पांच्या नावावर, लाइट आप्पांच्या नावावर, गॅस आप्पांच्या नावावर, मग हेही. त्यानंतर घरात जेवढे मोबाईल आले, यांचा, माझा, आमच्या मुलीचा, दिपालीचा, सगळ्यांत तेच खातं टाकलं. एका चुलीवर सगळ्यांचं. मी वांग्याचा फोटो काढला तर तो आप्पांच्या मोबाईलमध्ये जातो, आप्पांनी कपाशीवरच्या अळीचा काढला तर माझ्यात येतो. कोणाला त्याचं काही वाटत नाही. ब्लॉग उघडला तेव्हाही कोपऱ्यात आप्पांचं नाव होतं, मी पाहिलं होतं. पण जन्मभर प्रत्येक कागदावर वरती आप्पांचंच नाव बघितलं की डोळ्यांना ते दिसेनासं होतं. मला वाटलं, गॅसच्या पुस्तकावर असतं तसं आहे, आतल्या आत. ते बाहेर लोकांना दिसेल हे मला सुचलंच नाही. दिपाली हे ऐकून हसेल. तिनं कॉलेजला नाशिकला गेल्याबरोबर स्वतःचं वेगळं खातं काढलं, तेव्हा मीच तिला म्हटलं होतं की एवढं काय वेगळं राहायचंय तुला.

आणि केवढ्या खटपटीनं सापडली होती ती जागा. मला काय हवं होतं? एक पांढरं पान, वर माझं नाव, खाली मी लिहिलेलं. बास. त्याच्याखाली अंगठे नकोत, गुलाबाची फुलं नकोत, कोणाचं 'जेवण झालं का वहिनी' नको. आधी मी मोबाईलच्या स्टेटसला लिहायची, तर ते दुसऱ्या दिवशी गायब, आणि तेवढ्यात यांच्या आत्याचा फोन, काय झालं व, धीरजशी भांडण झालं का. फेसबुकवर लिहिलं तर यांचे चुलतभाऊ ओळीनं येऊन हात जोडून जायचे, वाचलेलं एकानंही नाही. मग मी ब्लॉग शोधायला बसले. दुपारी, सगळं आवरलं की, स्वयंपाकघरात पाटावर. एका ठिकाणी विचारलं, तुमच्या व्यवसायाचं नाव काय. दुसऱ्या ठिकाणी, तुमचा ग्राहक कोण. एकीकडे सगळं छान जमलं आणि शेवटी कार्डाचा नंबर मागितला, तर मी घाबरून मोबाईलच बंद केला. नमुने दाखवायचे, त्यात समुद्र, कॉफीचा कप, आणि कच्ची भाजी खाऊन हसणारी बाई. मी भाजी खाऊन कधी अशी हसले असेन असं मला वाटत नाही. कुठे मराठी टाकलं की जोडाक्षरं फुटायची, तापीबाई धड राहायची पण तिचा दुष्काळ मोडायचा. दिपालीला फोन केला तर ती म्हणाली, मम्मी, आता ब्लॉग कोण वाचतं, व्हिडिओ कर. व्हिडिओ कर म्हणे. मला तोंड दाखवायचं नव्हतं ग बाई, मला लिहायचं होतं. नंदुरबारच्या कॉलेजात असताना माझा निबंध नोटीस बोर्डावर लागला होता. खांडबाऱ्याहून रेल्वेनं यायचे मी, गाडीला उशीर झाला, पोचेपर्यंत तास सुरू झालेला, आणि मी तो तास बुडवून बोर्डासमोर उभी राहिले. खाली माझं नाव होतं, माहेरचं, पूर्ण. ते वाचत उभी राहिले. निबंध नाही, नाव. तसं पुन्हा उभं राहायचं होतं मला, इतकंच, आणि त्यात वाईट काय आहे ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

शेवटी एक फुकटची, साधी, जुनाट जागा सापडली. पांढरं पान. अक्षरं फुटली नाहीत. मी तापीबाईंवर लिहिलं, माझ्या सासूवर. त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. त्यांची ती सवय होती, कोणीही समोर आलं की त्याच्या खांद्यावरची, बाहीवरची कापसाची तूस वेचायची. जन्म कापसात गेला, बोटांना दुसरं काही येतच नव्हतं. नवरदेवाच्या कोटावरची वेचली, बँकेच्या साहेबाच्या बाहीवरची वेचली, तो बिचारा दचकून मागे सरकला. जिथे कापूस नसायचा तिथेही वेचायच्या. लिहिताना मी मुद्दाम 'सासूबाई' हा शब्द टाळला. सासूबाई लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, आता सून कौतुक करणार किंवा रडणार. मला त्या नुसत्या एक बाई म्हणून हव्या होत्या, तापीबाई, एकेरीत. फार विचार करून केलं होतं ते मी, मला अभिमान होता त्याचा. आणि त्यामुळेच तर सगळ्यांना वाटलं ना, की नवऱ्यानं लिहिलंय. मी ते दिपालीला पाठवलं आणि माझ्या एका वर्गमैत्रिणीला. मी लिहिलंय हे दोघींना ठाऊकच, म्हणून वरचं नाव कोणी बघितलं नाही. मैत्रिणीनं पुढे ढकललं. मग ते आमच्या डोक्यावरून जाऊन आमच्याच गावात पोचलं.

घरी पोचले तर आप्पा ओट्यावर बसलेले, मोबाईल कानाशी धरून कापसाचे भाव ऐकत. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. त्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही, पण कोणीतरी वाचून दाखवलंच असणार, कारण गावाकडचे दोघेजण चार दिवसांपूर्वी येऊन गेले होते, मी त्यांना चहा दिला होता, आणि ते आप्पांकडे देवळात बघावं तसं बघत होते. तेव्हा मला कळलं नव्हतं. मी चपला काढल्या आणि सरळ बोलले. म्हटलं, आप्पा, ते तापीबाईंचं मी लिहिलंय, चुकून तुमचं नाव पडलं, वाटेत दिपालीला फोनवर विचारलं, नाव बदलायला अर्धं मिनिट लागतं, आज बदलते. आप्पांनी मोबाईल खाली ठेवला. टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "माले माहीत शे तू लिखं," ते म्हणाले. "माले काय लिखता येस? पन मी तिन्हाबद्दल जलमभर कोनले काही सांगं नही. आते लोके म्हनतस, नथ्थू बोलना. ऱ्हाऊ दे, बेटा."

आता याला काय म्हणायचं? रागाचा सगळा भारा डोक्यावर घेऊन आलेले मी, तो तिथेच सुटला. म्हातारा माणूस, बायको गेलेली, आणि मी नावासाठी भांडते आहे. मला माझीच लाज वाटली. राहू दे तर राहू दे, असं म्हणून मी आत जायला निघाले, आणि मागून आप्पा म्हणाले, "पुढलं कवय लिखशी? लोके इचारी ऱ्हायनात." अगदी त्याच आवाजात, ज्या आवाजात ते चहा कधी होईल विचारतात. माझा पाय उंबऱ्यावरच थांबला. म्हणजे आता हेही. भाकरी टाकायच्या, कपडे भिजवायचे, आणि आप्पांच्या नावानं लिहायचं. संध्याकाळी यांना सांगितलं तर हे दळणाचा डबा खाली ठेवत म्हणाले, घरचंच शे ना, घरात काय तुन्हं मन्हं. कारखान्यातल्या साहेबांना यांनी आधीच सांगून टाकलं होतं की वडिलांनी लिहिलंय. खरं सांगत बसायचं तर फार बोलावं लागलं असतं म्हणे.

मी काही दिवस काहीच लिहिलं नाही. भांडी मात्र आपटली. पण डोक्यात वाक्यं यायची थांबत नव्हती, आणि ती सगळी दवाखान्यातलीच यायची. मी जे पहिल्यांदा लिहिलं नव्हतं, ते. शेवटच्या दिवसांत सासूबाई अंगावरची चादर वेचत होत्या. स्वच्छ पांढरी चादर, तिच्यावर काही नाही, आणि त्यांची बोटं सारखी चिमटी करून काहीतरी उचलायची, बाजूला ठेवायची. डॉक्टर म्हणाले, होतं असं, आता घरच्यांना बोलवून घ्या. घरचे तर तिथेच होते. आप्पा बाहेर बाकावर बसलेले. सासूबाई दर थोड्या वेळानं आप्पांबद्दल विचारायच्या, त्या शेतस का? मी बाहेर जायची, म्हणायची, आप्पा, आत या ना, बोलावताहेत. ते म्हणायचे, येस, येस, म्हणजे येतो, येतो. आणि शेजारच्या पेशंटच्या माणसाशी बोलायला लागायचे, यंदा बोंडअळी किती, केळीला भाव काय. मी किती वेळा गेले आले त्याला गणती नाही. त्या दारातून आत शिरताना दरवेळी सासूबाई माझ्या मागे बघायच्या. माझ्याकडे नाही, माझ्या मागे. अजूनही कधी कधी खोलीत शिरताना मला वाटतं की मागे कोणी असायला हवं होतं. आप्पा आले ते सगळं संपल्यावर.

हे लिहिलं मी. एका दुपारी, कुकर लावून, एका बैठकीत. 'तिचा नवरा बाहेर बाकावर बसला होता,' असं लिहिलं. 'तो आत आला नाही,' असं लिहिलं. मनात स्पष्ट होतं माझ्या: हे जो वाचेल त्याला कळेल की नवरा हे लिहूच शकत नाही, हे आत उभ्या असलेल्या कोणाचं तरी आहे. नाव आप्पांना हवं असेल तर असू दे, पान माझं आहे हे आंधळ्यालाही कळेल. थोडी खुन्नस होती त्यात, नव्हती असं नाही, पण एक अक्षर खोटं नव्हतं. बटण दाबलं आणि मी कुकर उतरवला. गावभर बोभाटा होणार, हे घरी येऊन आदळआपट करणार, याची मी सगळी तयारी ठेवली होती. कोण काय म्हणेल आणि मी काय म्हणेन ते सगळं मनात दोनदा म्हणून झालं होतं.

काय झालं ते सांगू? लोक रडले. शोभाबाई घरी आल्या आणि आप्पांच्या पाया पडल्या. गावच्या शाळेतले रिटायर हेडमास्तर फोनवर म्हणाले, स्वतःला 'तो' म्हणून लिहायला केवढं मोठं मन लागतं, आमच्या पिढीत एकाही पुरुषानं असं कबूल केलेलं नाही. आमच्या ह्यांनी ते कारखान्यात सगळ्यांना वाचायला दिलं. गावाकडून शाल आणि नारळ घेऊन माणसं आली. मी त्यांच्यासाठी पोहे केले. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येत होतं तेही बरंच झालं. बाहेर कोणीतरी म्हणत होतं, आप्पा, माणूस चुकतो, पण तुम्ही सांगितलं. माझ्या हातातल्या सुरीला काही कळत नव्हतं. म्हणजे ती बाई दाराकडे बघत गेली, आणि त्याची शाल आप्पांना. मी आरोप केला होता हो. साधा, सरळ आरोप. आणि तो त्यांच्या अंगावर दागिन्यासारखा बसला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी काहीही लिहिलं तरी ते असंच होणार, शिव्या लिहिल्या तरी लोक म्हणतील वा आप्पा. इतकी चीड मला माझ्या लग्नातसुद्धा आली नव्हती, आणि तिथे तर पंगतीत भात संपला होता.

माणसं गेल्यावर आप्पा जेवले नाहीत. ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्यांनी नुसता चहा घेतला, मोबाईलवर भाव ऐकले नाहीत. शाल तशीच घडी करून खुर्चीवर पडलेली. हे कामावर गेल्यावर आप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ते तिथे कधी येत नाहीत, आणि आले तेव्हा कुठे बघावं ते त्यांना कळेना. मी एक भाकर तव्यावर टाकून पुढचं पीठ मळत होते. ते म्हणाले, "तू लिखं ते खरं शे. मी मझार उनू नही. माले तिले तसं देखानी हिंमत नव्हती." मी पीठ मळतच राहिले. "लोके मन्हा पाय धरी ऱ्हायनात, शीला," ते म्हणाले. "माले सहन व्हत नही. मन्हं नाव काढ. तुन्हं टाक." आणि परत ओट्यावर जाऊन बसले. मी पिठाचे हात धुतले, पुसले, मोबाईल घेतला. खरंच अर्ध्या मिनिटाचं काम होतं. टोपीवाला फोटो काढला. शीला पाटील असं टाइप केलं, मग तसंच ठेवून ते बघत राहिले. आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू, तव्यावरची भाकर करपली तरी मी बघत होते.

तो आनंद दुपारच्या चहापर्यंतच टिकला. लोकांत फिरत होती ती लिंक उघडली की आता माझं नाव दिसायचं. पहिला फोन यांच्या आत्याचा. म्हणाली, सासऱ्याबद्दल असं लिहितात का, ज्या घराचं खाल्लं त्या घराचं. मग हेडमास्तर, थंड आवाजात, ताई, वडीलधाऱ्यांच्या दुःखाचा बाजार करू नये. दिपालीचाही फोन आला, ती एकटीच म्हणाली, मम्मी, भारी, पण तिलाही मैत्रिणींनी विचारलं होतं की तुझ्या आईचं आजोबांशी पटत नाही का. शोभाबाईंनी फोन केला नाही. त्या दारावरून गेल्या आणि बघितलंसुद्धा नाही. मी ते लिखाण पुन्हा उघडलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. काना, मात्रा, काही बदललं नव्हतं. ज्या वाक्याला काल मोठं मन म्हणत होते, तेच वाक्य आज जीभ लांब झालेल्या बाईचं. आप्पा ओट्यावरून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते, मीच सांगं तिले, नाव टाक म्हनीसन, पण ते कोणालाही खरं वाटत नव्हतं. सून भारी पडली म्हाताऱ्याला, असं म्हणून लोक पुढे जात होते.

संध्याकाळी हे आले. पायातले बूट न काढता आत आले, यावरूनच मला कळलं. कारखान्यात लोक हसले असतील, हे मी समजू शकते, चार दिवस यांनी वडिलांचं म्हणून सगळ्यांना दिलं होतं. मी भाकरी थापत होते. हे गॅसच्या ओट्याला टेकून उभे राहिले, मोबाईल काढला, ते लिखाण उघडलं, आणि माझ्यासमोर धरलं.

"नाव काढ," हे म्हणाले.

मी विचारलं, आणि लिहिलेलं?

"लिखेल ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "लिखेल चांगलं शे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते मनापासून म्हणत होते. त्यांच्या आईचं होतं ते, वाचून तेही रडले असणार, कारखान्याच्या संडासात जाऊन रडले असणार, मी ओळखते त्यांना. त्यांना ते हवं होतं. फक्त ते लिहिणारी कोणी नको होती. मी भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. म्हटलं, नाव राहणार. हे म्हणाले, मग लोकांले काय सांगू? मी म्हटलं, सांगा, माझी बायको लिहिते. ते बराच वेळ तसेच उभे राहिले, जसं काही त्यांना एवढंच वाक्य पाठ करायला दिलंय आणि ते तोंडात बसत नाही. मग त्यांनी बूट काढले, आणि विचारलं, आप्पा जेवले का. मी म्हटलं, जेवले, आज दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी.